स्पंज धुवायचा नाही

३ फेब्रुवारी

माशांच्या दुकानातल्या ताईने सांगितलं, रोज लिहून ठेव. तारीख, पाण्याचा रंग, मासा काय करतो ते. नाहीतर चार दिवसांनी मलाच येऊन विचारशील. म्हणून ही वही. कामावर चादरींची मोजणी लिहायला मिळते तसली आहे, अर्धी कोरी होती. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत. तसं वाचणारही कोणी नाही.

आधी झालं ते लिहितो. आमची खोली धुलाई कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे. कारखान्यात हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. मी धुलाईच्या मशीनवर, मामा इस्त्रीवर. सख्खे मामा नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणतात. दीड वर्ष आम्ही एका खोलीत राहतो. तीस तारखेला मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घरी गेले. सहा-सात आठवडे लागतील म्हणाले. जाताना काचेचं गोल भांडं माझ्याकडे सरकवलं. आत त्यांचा गोल्डफिश. त्याला ते साहेब म्हणतात, कारण तो दिवसभर तोंड उघडतो, मिटतो आणि काम काही करत नाही.

"भिंगरी," मला म्हणाले, "साहेबांना सांभाळ. एवढं करून दाखव."

भिंगरी मीच. तीन वर्षांत चार कामं सोडून आलो म्हणून.

मामा गेल्या गेल्या मी भांडं धुतलं. खड्यांना शेवाळ, काचेला हिरवा थर, बघवत नव्हतं. साबण, गरम पाणी, ब्रश. खडे रात्रभर ब्लीचमध्ये टाकले. असं लखलखीत केलं की मामांनी आल्यावर बघतच राहावं. दोन दिवसांनी साहेब पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते आणि पंख अंगाला चिकटलेले. म्हणून आज दुकान शोधत गेलो.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "धुतलंस? खडेसुद्धा?"

"घाण होते."

"एवढ्याशा भांड्यात तो दोन वर्षं जगला, हेच नवल. तुझ्या मामांनी हात लावला नाही म्हणून जगला."

मग तिने मला समजावलं. दोनदा समजावलं. मासा जी घाण करतो तिचं पाण्यात विष होतं, त्याला अमोनिया म्हणतात. ते खाणारे जंतू असतात, डोळ्याला न दिसणारे. ते त्याचं दुसरं विष करतात, नायट्राइट. मग दुसऱ्या जातीचे जंतू ते खातात आणि तिसरंच काहीतरी करून ठेवतात, ते थोडं असलं तर माशाला चालतं. मला ते आमच्या कारखान्यासारखं वाटलं. पहिली पाळी मळकं उचलते, दुसऱ्या पाळीच्या हवाली करते. आमच्याकडे दुसरी पाळी नाही आली तर काय होतं ते मी पाहिलंय.

"आणि ही माणसं, म्हणजे जंतू, कुठे मिळतात?"

"मिळत नाहीत. येतात. महिना-दीड महिना लागतो. तोवर थांबायचं."

थांबायचं. बरोबर माणूस शोधला तिने.

४ फेब्रुवारी. दिवस पहिला.

ताईकडून जुनी काचेची पेटी आणली, एका बाजूला ओरखडे आहेत. साठ लिटरची. सोबत फिल्टर, म्हणजे एक छोटा पंप आणि त्यात काळा स्पंज. पाणी त्यातून फिरत राहतं. जंतू त्या स्पंजात घर करतात म्हणे. रंग तपासायच्या बाटल्याही दिल्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग येतो तो कागदाशी लावून बघायचा. अमोनियाचा पिवळा असला तर बरं, हिरवा असला तर वाईट.

भरलेली पेटी साठ-सत्तर किलोची होणार, खोलीतलं टेबल डुगडुगतं. मुकादमाला विचारलं, मामांचं इस्त्रीचं लोखंडी टेबल घेऊ का, ते येईपर्यंत. मुकादम म्हणाला, "घेऊन जा. आता ते कोणाला लागणार आहे." मामा आले की नवं देणार असतील.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने जंतू मरतात, म्हणून ते मारायचं औषधही दिलंय. बाकी कशात नसलो तरी क्लोरीनच्या वासात मी हुशार आहे. नाकानेच सांगतो किती आहे. औषध टाकल्यावर वास गेला.

साहेब सध्या कारखान्यातल्या निळ्या टबात. पेटी तयार होईपर्यंत टबातलं निम्मं पाणी रोज बदलायचं आणि खायला अगदी थोडं द्यायचं.

६ फेब्रुवारी

आज रिकाम्या पेटीला जेवण घातलं. खरंच. जंतूंना काहीतरी खायला हवं, म्हणून माशाच्या खाण्याची चिमूट रोज पेटीत टाकायची. ते कुजतं, त्याचा अमोनिया होतो. शेजारच्या खोलीतला ड्रायव्हर दारातून बघत होता.

"कोणाला वाढतोयस?"

"अजून यायचेत."

"पाहुणे यायच्या आधीच ताटं वाढलीस होय!" म्हणाला आणि कारखानाभर सांगत सुटला. दुपारपर्यंत धुलाईवरचे सगळे विचारायला लागले, पाहुणे आले का.

अमोनिया: पिवळा.

१० फेब्रुवारी

अमोनिया: हिरवट. पहिली पाळी अजून कामावर नाही.

पाणी गढूळ झालंय, दूध सांडल्यासारखं. मला ते बघवत नाही. ताई म्हणाली हात लावू नकोस. मी हात मागे बांधून बसलो. मग उठलो, खोलीत फेऱ्या मारल्या. खोली अकरा पावलांची आहे. मामा होते तेव्हा नऊ होती, त्यांच्या सामानामुळे. ऑपरेशनला जाताना मामांनी किटली, दोन्ही उशा आणि भिंतीवरचा आरसासुद्धा नेला. दवाखान्यात आरसा कशाला लागतो कोण जाणे. म्हातारी माणसं सगळं उचलून नेतात. जाड कोट तेवढा खुंटीवर विसरले.

११ फेब्रुवारी

पंक्चरचा फोन. पंक्चर माझा मित्र, आधीच्या गॅरेजमधला. तो आता बंदरावर आहे, क्रेनवर. तिथे एक जागा आहे म्हणाला, एक मार्चपासून. "समुद्र आहे, मोकळी हवा आहे, तिथे काय लोकांच्या चादरी धूत बसलायस!"

मी हो म्हणालो. मग आठवलं, मामा मार्चच्या मध्यावर येणार. म्हटलं, येतो, पण थोडं इकडेतिकडे होईल.

"का? लग्न करतोयस?"

"मासा आहे."

तो बराच वेळ हसला.

१४ फेब्रुवारी

मामांचा फोन. आवाज चांगला आहे. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं नंतर.

"साहेब जेवले का?"

"टबात आहेत. मी पेटी केलीय मोठी. पण अजून तयार नाही."

"पेटी? कुठे ठेवलीस?"

"तुमच्या टेबलावर."

"इस्त्रीच्या?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "चांगलं केलंस. ते टेबल पक्कं आहे." मग म्हणाले, थंडी आहे का तिकडे. मी म्हटलं आहे, तुमचा कोट राहिलाय, पाठवू का? "नको, नको. राहू दे तिथेच. वापर."

फोन झाल्यावर कोट घालून बघितला. मामा माझ्या खांद्याला लागतात, पण बाह्या मला मनगटापर्यंत बरोबर येतात. आतली दुमड खाली सोडून नव्याने शिवलेली दिसते, धागा कोरा आहे. आल्यावर विचारीन.

मामांनी शेवटच्या आठवड्यात तीन अभ्रे जाळले होते. मुकादम एकदाही ओरडला नाही, त्याचंच मला नवल वाटलं होतं. माझा एक टॉवेल फाटला तर तासभर ऐकवतो.

१९ फेब्रुवारी

नायट्राइटच्या नळीत जांभळा रंग! रोज निळाच यायचा. म्हणजे पहिली पाळी कामावर आली. अमोनिया कालपेक्षा फिका. ड्रायव्हरला बोलावून दाखवलं. त्याने नळी उजेडात धरली, इकडून तिकडून बघितली आणि म्हणाला, "अभिनंदन. मुलगा की मुलगी?"

आईला फोन केला. एरवी मी करत नाही, तीच करते. पंधरा मिनिटं बोलत होतो, सगळं सांगितलं, अमोनिया, नायट्राइट, पाळ्या. आई म्हणाली, "तू एका दमात एवढं कधी बोलला नव्हतास रे." मागून बाबांचा आवाज आला, विचार त्याला, पाणी गार आहे की कोमट. बाबा दोन वर्षं माझ्याशी थेट बोलत नाहीत, मी त्यांचं दुकान सोडून आलो तेव्हापासून. आईने विचारलं. मी आईला सांगितलं, गार चालतं याला. आईने त्यांना सांगितलं. "हं," म्हणाले.

२३ फेब्रुवारी

आज सुट्टी. बसवेना. खोली झाडली, टबाचं पाणी बदललं, साहेबांचे पंख आता मोकळे आहेत. मग फिल्टर उघडून बघितला. स्पंज चिखलाने भरलेला, तपकिरी, बुळबुळीत, पाणी त्यातून धड फिरेना. याच्यातून येणारं पाणी साहेबांनी प्यायचं? कारखान्यात नेला. आधी गरम पाणी, मग ब्लीचचं पाणी, मग तीन वेळा खळबळून. पांढरी चादर यावी तसा कोरा करून आणला. वास घेतला, ब्लीच अजिबात नाही. धुलाईच्या कामात मला कोणी नावं ठेवू शकत नाही.

पंप आता कसा सुसाट चालतोय.

२५ फेब्रुवारी

अमोनिया: गडद हिरवा. पहिल्या आठवड्यातही एवढा नव्हता.

नायट्राइट: निळा. काहीच नाही.

कामावरून परस्पर दुकानात गेलो. ताई एका गिऱ्हाइकाला जाळी दाखवत होती. मी वही पुढे केली. तिने तेवीस तारखेचं पान वाचलं आणि जाळी खाली ठेवली.

"ब्लीच?"

"वास राहिला नव्हता."

"अरे बाबा, ती घाण नव्हती. तेच ते होते. बावीस दिवस ज्यांची वाट बघत बसलास ते सगळे तुझ्या हाताने मोरीतून वाहून गेले."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"हात लावू नकोस म्हणून सांगितलं की नाही? आता स्पंज वेगळा सांगायला हवा होता होय?"

गिऱ्हाईक हसत होतं. मी निघून आलो.

२६ फेब्रुवारी

पंक्चरला सांगितलं, एक तारखेला येतो, जागा धर. पिशवी भरली. माझी पिशवी भरायला दहा मिनिटं पुरतात. पेटीचा पंप बंद केला. खोली एकदम शांत झाली, इतकी की टबात साहेब वळले तेही ऐकू आलं.

साहेबांना झाकणाच्या बादलीत घेतलं आणि दुकानात गेलो. ताईला म्हटलं, हा ठेवून घ्या. मला नाही जमत. मामा आले की तुमच्याकडून घेतील.

ती चिडली नाही. बोट दाखवून म्हणाली, "ठेव. त्या खालच्या टाकीत सोड."

खालच्या टाकीत शंभरेक गोल्डफिश होते, एकमेकांच्या अंगावर. काहींचे पंख कुरतडलेले.

"हे कोण घेतं?"

"मोठे मासे पाळणारे. खायला घालतात."

"आणि मामांनी मागितला तर?"

"यातला कोणता ते तू येऊन ओळख."

मी बादली हातात घेऊन उभा. टाकीकडे बघितलं. साहेबांच्या डाव्या गालावर पांढरा ठिपका आहे, मी ओळखलं असतं. पण मी इथे असणार नव्हतो.

बादलीचं झाकण परत लावलं. ताईने ते बघितलं. आत गेली. आत तिची स्वतःची टाकी आहे, त्यातले मासे ती विकत नाही. तिथला स्पंज काढून तिने एका बरणीत पिळला. काळपट चिखल आला, वास नदीकाठच्या मातीसारखा. बरणी माझ्या हातात दिली.

"हे तुझ्या स्पंजावर ओत. पेटीतलं पाणी आधी सगळं बदल, औषध टाकून, त्यात ब्लीचचा अंश असेल. आणि पंप सोळा मिनिटंसुद्धा बंद ठेवू नकोस."

"सोळाच का?"

"तुला पंधरा सांगितली तर अर्धा तास करशील. जा लवकर, गार होऊ देऊ नकोस."

बरणी कोटाच्या आत धरून आणली.

१ मार्च

पंक्चरचा फोन, सकाळी. कुठपर्यंत आलास? म्हटलं, पंधरा दिवस दे.

"जागा काय माझ्या खिशात आहे? माशापायी क्रेन सोडतोयस तू, भिंगरी. लोकांना सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील."

"नको सांगूस मग."

अमोनिया: थोडा हिरवा. नायट्राइट: जांभळा.

५ मार्च

स्पंज तपकिरी होतोय. बघितला आणि झाकण लावलं. हात धुतले.

८ मार्च

अमोनिया: पिवळा. नायट्राइट: जांभळा. म्हणजे पहिली पाळी पक्की, दुसरी अजून उशिरा येते.

आईचा फोन. बाबांनी मागून विचारलं, आला का तो जांभळा खाली. मी म्हटलं नाही. "मग घाई करू नको म्हणावं," आईला म्हणाले. आई म्हणाली, तुम्हीच सांगा की, हा घ्या फोन. त्यांनी घेतला. मग बाबा म्हणाले, "लाईट गेली तर पंपाचं काय करतोस?" मी म्हटलं, हाताने पाणी ढवळतो, मग्ग्याने वरून सोडतो. "हं. बरोबर," म्हणाले आणि फोन परत आईकडे.

पंपाचं इतकं कोणाला सुचतं? बाबांचं दुकान पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्याचंच आहे म्हणा.

१२ मार्च

अमोनिया पिवळा. नायट्राइट निळा. दोनदा तपासलं. काल संध्याकाळी मुद्दाम जास्त खाणं टाकलं होतं, तरी निळा. तिसऱ्या बाटलीत केशरी आला, म्हणजे तिसरी वस्तू तयार होतेय. नळ्या पुसून ओळीत लावल्या आणि ताईला फोन करून रंग सांगितले.

"मग वाट कसली बघतोयस? निम्मं पाणी बदल आणि सोड त्याला."

१३ मार्च

साहेब पेटीत. टबातून घेताना एकदा उसळले, माझ्या शर्टवर पाणी. पेटीत सोडल्यावर तळाशी जाऊन बसले, हलेनात. मला वाटलं गेले. मग एका कोपऱ्यातून निघाले ते काचेकाचेने पूर्ण फेरी मारून परत त्याच कोपऱ्यात. मग दुसरी फेरी. एवढी जागा असते हे त्यांना माहीतच नसावं.

मामांना सांगायला फोन लावला. त्यांच्या लेकीने उचलला. मी म्हटलं, मामा कधी निघतायत? पेटी तयार आहे, त्यांना दाखवायचीय.

ती म्हणाली, "बाबा कुठे येतायत आता? त्यांनी तर जानेवारीतच काम सोडलं. डोळ्यांनी होत नाही ना. तुम्हाला बोलले नाहीत?"

मग मामांनी फोन घेतला.

"सांगायचं राहिलं," म्हणाले.

"दीड महिना राहिलं?"

"सांगितलं असतं तर मासा घेतला असतास का?"

मी विचार केला. "नसता घेतला."

"मग. तू तेव्हाच पिशवीकडे बघत होतास. मला काय दिसत नव्हतं? एका डोळ्याने का होईना, दिसत होतं." मग म्हणाले, "साहेब कसे आहेत?"

"फिरतायत."

"आता तुझा तू मोकळा. जायचं तर जा. दे त्यांना त्या दुकानवालीला."

"तिच्याकडे जागा नाही," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघितलं. आरशाचा खिळासुद्धा नेलाय त्यांनी. भोकात चुना भरून, हाताने सारखा करून गेलेत. मी दीड महिना समोर झोपत होतो.

अमोनिया: पिवळा. नायट्राइट: निळा.

१७ मार्च

पंक्चरने दुसऱ्याला घेतलं. ठीक आहे.

२६ मार्च

मुकादमाने मामांच्या खाटेवर नवीन माणूस आणला. पन्नाशीचा, टक्कल, दोन बॅगा, इस्त्रीवर लागलाय. माणूस बरा दिसतो. आल्या आल्या खोली झाडली, खिडकी पुसली. मी पाळी संपवून आलो तर बाह्या वर करून पेटीपुढे उभा, हातात फडकं.

"यातला तो स्पंज फार मळलाय. काढून देता का? मस्त धुऊन आणतो, कारखान्यात गरम पाणी आहेच."

"हात लावायचा नाही."

त्याने हात मागे घेतला. माझा आवाज जरा चढला होता. मग मी त्याला खाली बसवलं आणि समजावलं. पहिली पाळी, दुसरी पाळी. दोनदा समजावलं. तो ऐकत होता, साहेब काचेशी येऊन तोंड उघडत-मिटत होते.

"बरीच खटपट आहे," तो म्हणाला. "किती दिवस झाले तुम्हाला इथे?"

"पन्नास," मी म्हटलं.

नंतर लक्षात आलं, ते पेटीचे सांगितले. पण तो फडकं वाळत घालत होता, म्हणून मग तसंच राहू दिलं.